एका पातेल्यातलं जेवण

"चाप आत्ताच घालू नका, दिलावरभाई. लगदा होईल तिचा. आधी गर्दन आणि नळी जाऊ दे."

मृदुला हे म्हणाली तेव्हा मी तिच्या शेजारी फरशीवर बसून कांदे चिरत होतो आणि डोळे पुसत होतो. दिलावर हातात डाव धरून तसाच थांबला. पोटापाण्यासाठी तो माग दुरुस्त करायचा, आणि आमच्या संघटनेचं शिबिर असलं की साठ-सत्तर माणसांचं मटण एकट्यानं रांधायचा. त्याच्या पातेल्यात नाक खुपसायची कुणाची टाप नव्हती.

"बाई, तुम्ही मटण खात नाही, दूधसुद्धा पीत नाही, आणि मला शिकवताय?"

"वाचलं होतं कुठंतरी," ती म्हणाली. मग परातीत हात घालून चापेचे, म्हणजे बरगडीचे, तुकडे भराभर बाजूला काढायला लागली. चेहऱ्यावर ना किळस, ना काही. मला तिचं इतकं कौतुक वाटलं की बोट विळीवर जाता जाता राहिलं.

"पुण्याला शिकलीय, भाई," मी म्हणालो. "तिकडं मटणाचीपण पुस्तकं असतात."

त्या काळी मी स्वतःला फार हुशार समजायचो.

२०१५ चा मे महिना होता. पेठवडगावच्या अलीकडं एक बंद पडलेलं डी.एड. कॉलेज होतं, ते आम्ही तीन दिवसांसाठी मागून घेतलं होतं. गुरुवार-शुक्रवार अभ्यासवर्ग, शनिवारी दुपारी सगळ्यांचं एकत्र जेवण आणि मग आपापल्या गावाला. आमची संघटना इचलकरंजीच्या यंत्रमाग कामगारांची, लाल झेंड्याची. मी काही मागावरचा नव्हे, मी छापखान्यात मशीनवर होतो. संघटनेची पत्रकं आमच्याकडं छापायला यायची. ती छापता छापता वाचायची सवय लागली, आणि एकदा गठ्ठा पोचवायला म्हणून गेलो तो सभेतच बसून राहिलो.

संघटनेत दोन रिवाज होते. पहिला, आडनाव लावायचं नाही. आडनावातून जात कळते, म्हणून नावापुढं आईचं नाव. मी प्रल्हाद हौसाबाई, ती मृदुला सगुणा. जात विचारायची नाही आणि सांगायची नाही.

दुसरा रिवाज पातेल्याचा. तो जोतीराम तात्यांनी पाडलेला. तात्या म्हणजे संघटनेचं मूळ. मागावर आयुष्य गेलं, दोनदा तुरुंगात गेले, कानानं अधू झाले, पण आवाज शाबूत. फार वर्षांपूर्वी पहिल्या शिबिरात कामगारांनी आपापले डबे काढून जातीजातीच्या चार पंगती मांडल्या, तेव्हा तात्यांनी सगळे डबे हिसकावून एका पातेल्यात ओतले आणि म्हणाले, ज्याला बदल पाहिजे त्यानं ह्यातलं खावं. तेव्हापासून शिबिराचा शेवट मटणाच्या पातेल्यानं व्हायचा. आडनावं लावत नव्हतो तरी जोशी-कुलकर्णी कोण ते आम्हाला बरोबर कळायचं, आणि पहिला घास गिळताना त्यांचे चेहरे बघायला मजा यायची. खोटं कशाला बोलू.

जात विचारायची नाही म्हटलं की माणूस ती दुसरीकडून हुडकतो. बोलण्यावरून हुडकतो, रंगावरून हुडकतो, आणि सगळ्यात जास्त ताटावरून.

मृदुला दोन वर्षांपूर्वी आली होती. कामगार बायकांचे फॉर्म भरून द्यायची, त्यांना घेऊन लेबर ऑफिसात जायची, साहेबापुढं न घाबरता बोलायची. बोलणं पुस्तकी, स्वच्छ. खाण्याची तऱ्हा मात्र आमच्यात कुणी पाहिली नव्हती. मटण नाही, अंडं नाही, आणि चहासुद्धा कोरा. ती म्हणायची, मी व्हीगन आहे. कामगार बायकांना तो शब्द जड जायचा, मग त्यांनी त्यांच्यापुरता अर्थ लावला : 'कडक बामण असणार. एवढं सोवळं तर मठातपण नसतंय.' कुणी तिच्या तोंडावर बोललं नाही. रिवाज होता ना.

मी महारवाड्यातला, बौद्ध. आणि मी तिच्या प्रेमात होतो. तीही होती, हे तिनंच सांगितलं. मला विचारायचं धाडस कुठलं व्हायला.

शिबिराच्या महिनाभर आधी आम्ही पंचगंगेच्या पुलावर उभे होतो. ती म्हणाली, "प्रल्हाद, तू मला एक गोष्ट विचार ना."

"कुठली?"

"जी आपल्यात कुणी विचारत नाही."

मला समजलं. मी एकदम ताठ झालो. "जात? मी विचारू? आपण मानतो का ते?"

"मानत नाही म्हणून बोलायचंच नाही, असं कुठं आहे? तू विचार, मी सांगते. मला सांगायचंय."

"मला नको. माझ्या लेखी तू मृदुला आहेस, बास."

हे वाक्य आपण फार छान बोललो असं मला वाटलं. "बरं," ती म्हणाली, "मग घरीच ये. तासगावला. बाबांना भेट. त्यांनी हो म्हटलं तर आपण नोंदणी करून टाकू."

"कधीही येतो. फक्त छापखान्याला सुट्टी रविवारचीच."

"रविवारी?" ती विचारात पडली. "रविवारचं बाबांना फार अवघड असतं रे."

"का? पूजाबिजा असते काय मोठी?" मी हसून विचारलं.

ती हसली नाही. चार दिवसांनी तिनं एक चिठ्ठी माझ्या हातात ठेवली. 'लक्ष्मणराव, बसस्टँडच्या मागची गल्ली, तासगाव.' म्हणाली, "बाबांनी जमवलंय. शिबिर संपलं की दुसऱ्या दिवशी, चोवीस तारखेला. दहापर्यंत ये."

मी नवा शर्ट शिवायला टाकला. आईला सांगितलं नाही, पण आईनं शर्टावरून ओळखलं.

त्या वर्षी मार्चमध्ये राज्यात गोवंश हत्याबंदीचा कायदा लागू झाला होता. आमच्याकडं त्यानं आग लागल्यासारखं झालं. कुणाचा धंदा बसला, कुणाच्या घरातलं स्वस्त कालवण गेलं. कुणी काय खावं हे सरकार ठरवणार असेल तर उद्या कुणी काय बोलावं हेही ठरवेल, असं तात्या सभेत गरजायचे. मिरजेच्या सभेत मृदुलाही बोलली. ती म्हणाली, "मी मांस खात नाही, दूध पीत नाही, माझी चप्पलसुद्धा कातड्याची नाही. पण कुणाच्या चुलीपाशी पोलीस उभा करून जी दया शिकवली जाते ती दया नव्हे, दमदाटी आहे." टाळ्या पडल्या. माझ्या शेजारी बसलेला एकजण मला म्हणाला, "बामणाची पोर, पण काळीज आपल्याकडचं हाय." मी मान डोलावली. मला बरं वाटलं, इतकं बरं वाटलं की त्याचं वाक्य वाकडं आहे हे लक्षातही आलं नाही.

शिबिरात शुक्रवारी तात्यांनी शोषण हा विषय घेतला होता. मृदुलानं हात वर केला.

"तात्या, आपण म्हणतो की ज्याचं त्याला मिळालं पाहिजे. मग रेडकाच्या वाटणीचं दूध आपण काढून घेतो, त्याला काय म्हणायचं?"

वर्गात खसखस पिकली. तात्या म्हणाले, "पोरी, आधी माणसाचं बघू. माणसाचं झालं की मग म्हशीचं."

"हेच तुम्ही बायकांना सांगत होता ना? आधी कामगारांचं होऊ दे, मग बायकांचं?"

आता बायका हसल्या. तात्या हसले नाहीत.

"म्हैस व्याल्याशिवाय दूध येत नाही," ती म्हणाली. "व्याली आणि रेडा झाला, शेळीला बोकड झाला, तर तो कुठं जातो? मी सांगते. दूध आणि मटण ही एकाच घराची दोन दारं आहेत. मी एकातनं जात नाही, म्हणून दुसऱ्यातनंही जात नाही. बाकी मी दोन वर्षांत कुणाच्या ताटाकडं बोट दाखवलंय का?"

ते खरं होतं. उलट शिबिरात सगळ्यांना वाढायला पहिली तीच असायची.

"पण म्हशीला मोर्चा काढता येत न्हाई की ओ बाई," मागून कुणीतरी ओरडलं. मोठा हशा झाला.

"म्हणून तर," ती म्हणाली आणि खाली बसली.

हसण्यात मीही होतो. तात्यांच्या कपाळावरची आठी मात्र गेली नाही. संध्याकाळी ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "तिला जिल्ह्याच्या बायकांची आघाडी द्यायची म्हणतोय. पूर्णवेळ. अशी पोर परत मिळायची न्हाई. पण लोक बोलायलेत. मागच्या शिबिरात ताप आला म्हणून पातेल्यातलं खाल्लं न्हाई. यंदा खाऊ दे म्हणावं. एक घास. तू सांग, तुझं ऐकती."

मी तिला सांगितलं नाही. मला वाटलं, ऐन वेळी माझ्यासाठी खाईल. माझा तेवढा तरी मान असेल.

शनिवारी दुपारी पटांगणात पत्र्याच्या शेडखाली पंगती बसल्या. रश्शाचा वास सगळीकडं दरवळला होता. मृदुलानं दोन पंगतींना वाढलं, मग स्वतःचं ताट घेऊन आली आणि माझ्या समोरच्या पंगतीत बसली. ताटात भाकरी, ठेचा, कांदा.

तात्या उठून उभे राहिले. "मृदुला, पातेल्यातलं कुठाय?"

"तात्या, मी सगळ्यांच्या पंगतीत बसलेय. माझं एवढंच असतं, तुम्हाला माहीत आहे."

"यंदा एवढं न्हाई चालायचं. यंदा सरकारनं ताटाची भिंत केलीया. भिंतीच्या ह्या बाजूला कोण आणि त्या बाजूला कोण, ते दिसलं पायजे. एक घास घे."

"कायद्याच्या विरोधात मी बोललेय, तात्या. मिरजेत तुमच्या आधी बोललेय."

"बोलायला काय जातंय? बामणाची जीभ बोलायला कवाच मागं नसती," पंगतीतून एकजण म्हणाला. हशा झाला, आणि मग तो हशा हळूहळू विरला आणि सगळे माझ्याकडं बघायला लागले. आमचं सगळ्यांना ठाऊक होतं.

"प्रल्हाद," तात्या म्हणाले, "तू दे तिला."

मी उठलो. माझ्या ताटातला तुकडा भाकरीत घेतला, पंगत ओलांडून तिच्यासमोर गेलो, गुडघे टेकले आणि घास तिच्या तोंडापुढं धरला. साठ माणसं बघत होती.

"माझ्या हातनं घे," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडं बघितलं. अगदी हळू म्हणाली, "प्रल्हाद, नको. हात खाली घे."

मला तेवढंच ऐकू आलं, 'हात'. पुढचं मी जे बोललो ते मला अजून शब्दन् शब्द पाठ आहे. विसरायचा फार प्रयत्न केला.

"माझ्या हातचं चालत न्हाई होय? माझ्या आजीनं मेलेल्या जनावराचं खाल्लं, कारण तुमच्या लोकांनी तिला दुसरं काय ठेवलं न्हवतं. आता आम्ही आमच्या कमाईचं खायला लागलो तर तुम्हाला जनावराची दया आली. माणसाची कधी आली न्हवती ती! व्हीगन म्हण, न्हाईतर काय पायजे ते म्हण. सोवळं ते सोवळंच. जातीचा पीळ जात न्हाई."

टाळ्या वाजल्या. आयुष्यात मला तेवढ्या टाळ्या एकदाच मिळाल्या.

मृदुलानं विचारलं, "हे तू मला बोलतोयस?"

"तुम्हाला. सगळ्यांना."

एक शब्द बोलली असती तर माझ्यासकट साठ माणसांची मान खाली गेली असती. ते मला तेव्हा माहीत नव्हतं, पण तिला माहीत होतं. ती एवढंच म्हणाली, "तू मला अजून विचारलंच नाहीस, प्रल्हाद."

कुणाला काही कळलं नाही. तिनं मान खाली घालून भाकरी मोडली आणि ताटातलं सगळं संपवलं, कणही टाकला नाही. पंगती उठल्यावर ते अवजड पातेलं ओढत नळावर नेलं आणि राख लावून एकटीनं घासलं. दिलावर मदतीला गेला तर त्याला म्हणाली, "असू दे, भाई. मला सवय आहे."

चार वाजता आम्ही सगळे फाट्यावर एसटीची वाट बघत होतो. तासगावकडची गाडी आधी आली. ती पिशवी घेऊन माझ्याजवळ आली. मला वाटलं, आता रडेल किंवा भांडेल. मी दोन्हीची तयारी करून उभा होतो.

"उद्या येतोयस ना?" तिनं विचारलं.

"बघतो."

"बाबांनी जमवलंय, प्रल्हाद. त्यांच्यासाठी सोपं नव्हतं ते."

"बघतो म्हटलं ना."

गाडी गेली. खिडकीतून तिनं हात केला नाही, पण गाडी वळेपर्यंत ती माझ्याकडंच बघत होती.

रविवारी सकाळी मी अंघोळ केली, नवा शर्ट घातला आणि घरातच बसून राहिलो. आई म्हणाली, "अरे, जायाचं हाय न्हवं?" मी म्हणालो, "त्यांनी आधी माफी मागू दे." आईनं माफी कुणी मागायची हे विचारलं नाही, चूल पेटवायला गेली. मी दुपारपर्यंत फोनकडं बघत होतो. मग संध्याकाळपर्यंत. मी मोठा स्वाभिमानी माणूस होतो ना.

ती संघटनेत परत आली नाही. तात्यांना दोन ओळींचं पत्र आलं, की मराठवाड्यात ऊसतोड बायकांमध्ये काम करायला जातेय. तात्यांनी ते तीनदा वाचलं आणि घडी करून खिशात ठेवलं. तिच्याबद्दल ते परत काही बोलले नाहीत. दुसऱ्या वर्षी पातेल्याशेजारी त्यांनी पिठल्याचं एक पातेलं ठेवायला लावलं. कुणासाठी, ते कुणी विचारलं नाही.

मला तिची आठवण कधी यायची हे सांगायचं तर कधी यायची नाही हे सांगणं सोपं. कोरा चहा पिणारा माणूस दिसला तरी मी चालता चालता थांबायचो. लेबर ऑफिसच्या पायऱ्यांवर ती बसायची ती जागा मी टाळायचो. दोन-तीनदा तासगावच्या गाडीत चढलो आणि पुढच्या थांब्यावर उतरलो. तासगावला पोचायला मला चार वर्षं लागली.

तो रविवारच होता. स्टँडच्या मागच्या गल्लीच्या तोंडाशी एका पानटपरीवर विचारलं, "लक्ष्मणराव कुठं राहतात?"

"कुठले? मास्तर का खाटीक?"

"त्यांची मुलगी पुण्याला शिकायला होती. मृदुला."

"मग खाटीकच की. त्ये काय समोर, सगुणा मटण शॉप. रांग दिसतीया न्हवं?"

मी पाटी बघितली. सगुणा. दोन वर्षं त्या नावासकट मी तिला हाक मारली होती, पत्रकांवर ते नाव छापलं होतं.

त्या वेळी मला सगळ्यात आधी काय वाटलं ते सांगतो, कारण ते न सांगता मी ही गोष्ट सांगितली तर ती निम्मी खोटी होईल. मला फसल्यासारखं वाटलं. बामणाची पोरगी महारवाड्यातल्या प्रल्हादवर जीव टाकते, ह्याची एक गोड गुर्मी माझ्या अंगात होती. तिच्यावरच्या प्रेमात ती मिसळलेली होती, आणि त्या शनिवारी ज्या त्वेषानं मी बोललो त्यातही तीच होती. गल्लीच्या तोंडाशी उभ्या उभ्या ती गुर्मी उतरली. खाली उरली ती नुसती मृदुला. तेव्हापासून जी हुरहूर लागली आहे ती गेली नाही.

मी रांगेत उभा राहिलो. पळून जायला रांगेसारखं बरं काही नाही, केव्हाही बाजूला होता येतं. पण झालो नाही. ओट्यावर साठीचा माणूस होता, स्वच्छ बनियन, नाकावर चष्मा. डोळे तिचेच.

"किती देऊ?"

"मी... इचलकरंजीचा. मृदुलाच्या संघटनेतला."

त्यांनी सुरा शेजारच्या भावाकडं दिला, हात धुतले, पुसले आणि मला मागच्या खोलीत नेलं. एवढी रांग सोडून. स्टोव्हवर आधण ठेवत म्हणाले, "कोरा चालंल न्हवं? आमच्यात आता दूध येत न्हाई. पोरीनं सोडलं, मग मीबी सोडलं. धंदा सोडता येत न्हाई, तर दूध तरी सोडावं म्हटलं."

"कशी आहे ती?"

"माजलगावला असती. बायकांची संघटना काढलीया. लगीन झालं गेल्या साली, नवरा तिच्यासंगंच काम करतोय, चांगला हाय." त्यांनी मला कप दिला. "तुम्हाला नवल वाटत असंल, खाटकाची पोर आणि असलं खाणं."

मी चहावर फुंकर मारली.

"अकरा वर्साची हुती. बाजारातनं बकरी आणली की वरडायची, पाय रोवायची. हिच्या हातात दावं दिलं की गप. हिच्या मागनं गुमान चालायची, पार आतपतोर. मी गल्लीत सांगायचो, पोरीच्या हाताला गुण हाय. एक दिवस तिनं दावं माझ्या हातात दिलं. म्हणाली, बाबा, त्यांना वाटतंय मी त्यांच्या बाजूची हाय. त्या दिसापासनं तिनं मटणाचा घास घेतला न्हाई. पण मला कधी वाकडं बोलली न्हाई. म्हणायची, बाबा, हे काम तुम्ही निवडलं न्हाई, तुम्हाला नेमून दिलंय."

त्यांनी स्वतःच्या कपात चहा ओतला. मग म्हणाले, "तुमच्यात प्रल्हाद म्हणून कोण हुतं का?"

कप हातात असल्यामुळं मला कपाकडं बघता आलं. "होता."

"तो येणार हुता आमच्याकडं. रविवारीच सुट्टी म्हणं त्याला. आता खाटकाचा रविवार म्हंजे काय, तुम्हीच बघताय. आठवड्याचं पोट त्या एका दिसावर. तीस वर्सांत म्या रविवारी शटर वढलं न्हवतं. पोर म्हणाली, बाबा, माणूस पयल्यांदा घरी येतोय, दारात सोललेली बकरी टांगलेली नकोत. म्हटलं, बरं. एक रविवार गेला तर गेला. शनवारी राती फरशी धुतली, ओटा धुतला, उदबत्त्या लावल्या. सकाळी गिऱ्हाईक शटर वाजवाय लागलं. घरात कोण गेलं काय हो, म्हणून इचारायचं. म्या म्हणायचो, गेलं न्हाई बाबा, येणार हाय."

बाहेरून त्यांच्या भावानं हाक मारली. ते उठले नाहीत.

"दहाचं बारा झालं, बाराचं चार. पोर उंबऱ्यात बसून. पाचला आत आली आणि म्हणाली, बाबा, उघडा दुकान. म्या म्हटलं, आज न्हाई उघडत. आजचा दिस पाव्हण्याला दिलाय, तो परत कसा घ्यायचा?"

मला वाटतं मी तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं.

"कसा हाय तो आता?" त्यांनी विचारलं.

"बरा आहे."

"भेटला तर सांगा, आमचा राग न्हाई. काय झालं ते पोरीनं कधी सांगितलं न्हाई. म्हणाली, माणूस चांगला हाय, बाबा, त्याचं दुखणं जुनं हाय."

मी कप खाली ठेवला आणि उठलो. ते दारापर्यंत आले. समोर रांग वाढली होती, लोक आमच्याकडं बघत होते.

"तुमचं नाव इचारायचं ऱ्हायलंच की," ते म्हणाले.

"सदाशिव," मी म्हणालो.

त्यांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडं बघितलं. मग माझा हात आपल्या गार हातात घेतला आणि रांगेतली माणसं ओरडायला लागली तरी सोडला नाही.

"या परत, सदाशिवराव," ते म्हणाले. "कधीबी या. रविवार असला तरी चालंल."